एसी थंड करत नाही? गॅस भरण्याआधी या क्रमानं तपासा

मार्च संपत आला की घरोघरी तेच सुरू होतं. एसी थंड करत नाही म्हणून फोन जातो, मेकॅनिक येतात, बाहेरच्या युनिटला दाब मोजणारं गेज लावतात, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतात आणि भरून जातात. चार दिवस बरे जातात. मग पुन्हा खोली गार व्हायला तासभर लागतो, जूनमध्ये भिंतीवरून पाणी ओघळतं आणि पुढच्या मार्चला परत गॅस.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो तांब्याच्या बंद नळीत फिरत राहतो आणि दहा वर्षांनीही तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेनं जाणार. त्याआधीची गोष्ट म्हणजे, थंडावा कमी होण्याचं कारण बऱ्याच घरांत गॅस नसतंच. हवा अडलेली असते. म्हणून क्रम पक्का करा: आधी हवा, मग पाणी, मग वीज, सगळ्यात शेवटी गॅस. पुढचं सगळं याच क्रमानं दिलं आहे आणि ते भिंतीवरच्या एक ते दोन टनी स्प्लिट एसीसाठी आहे, इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारा) असो वा साधा. कॉम्प्रेसर म्हणजे बाहेरच्या युनिटमधला, गॅस दाबून फिरवणारा पंप.

टप्पा १ : तयारी, आणि हात कुठे आवरायचा

सामान आधी जमवा. मधेच शिडीवरून उतरून ब्रश शोधत बसलं की काम अर्धवट राहतं.

- हलत नाही अशी शिडी. खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका.
- टॉर्च, मऊ ब्रश (रंगाचा जुना ब्रश उत्तम), जुना टूथब्रश.
- झाडांवर फवारायचा हातपंप, बादली, जुनी चादर.
- जाड प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी.
- खोलीचं तापमान दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर. तापाचा चालत नाही, तो गार हवेचं तापमान दाखवूच शकत नाही.

आता दोन्ही युनिटवरच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा. बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार, त्याचं ग्रॅममधलं वजन आणि एसी किती अँपिअर घेतो ते छापलेलं असतं. आत्ताच्या बहुतेक एसीत आर-३२ असतो, थोड्या जुन्यांत आर-४१०ए, अगदी जुन्यांत आर-२२. काही मॉडेलमध्ये आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन. एकाचा गॅस दुसऱ्यात चालत नाही. हा फोटो पुढे गॅसची वेळ आलीच तर तुमच्या बाजूनं बोलेल.

इशारा: चार गोष्टींना घरच्या माणसानं हात लावायचा नाही. गॅसची नळी आणि तिचे नट, इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, कपॅसिटर आणि इमारतीबाहेर लटकणारं आउटडोअर युनिट. कपॅसिटर मेन स्विच बंद केल्यावरही वीज धरून ठेवतो आणि जोरदार झटका देतो. ग्रिलबाहेर वाकून आउटडोअर धुणं हे तर जिवाशी खेळणं आहे. पट्टा बांधून काम करणारा माणूसच बोलवा.

एसी वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाकडून उघडून घेण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. कॉम्प्रेसरवर बऱ्याचदा दहा वर्षांची वॉरंटी असते आणि ती एका चुकीच्या दुरुस्तीनं जाऊ शकते.

टप्पा २ : धुण्याआधी मोजमाप

ही पायरी जवळजवळ सगळेच वगळतात. मोजमाप नसेल तर सर्व्हिस झाल्यावर ‘आता बरं वाटतंय ना?’ या प्रश्नाला आपण मान हलवतो आणि विषय संपतो.

१. खोली गरम असताना, म्हणजे दुपारी, एसी कूल मोडवर, सर्वांत कमी तापमानावर आणि पंख्याच्या सर्वांत जास्त वेगावर लावा. दारं-खिडक्या बंद. असं केलं की इन्व्हर्टर एसीही पूर्ण ताकदीनं चालतो.

२. वीस मिनिटं थांबा.

३. इनडोअर युनिटच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते, तिथलं तापमान घ्या. मग खालच्या फ्लॅपपाशी, जिथून गार हवा बाहेर येते, तिथलं. प्रत्येक ठिकाणी थर्मामीटरचा आकडा स्थिरावू द्या.

४. दोन्ही आकडे आणि तारीख कागदावर लिहून तो कागद एसीच्या पुस्तिकेत ठेवा.

फरक साधारण ८ ते १२ अंशांचा असेल तर यंत्र ठीक आहे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत, कोकणात, गोव्यात तो कमी दिसतो. यंत्राची बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात जाते, त्यात बिघाड नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळ्या निदानाची किल्ली इथे आहे. फरक १५ अंशांच्या वर आहे पण हाताला हवा जेमतेम लागते, तर हवा अडली आहे: फिल्टर, कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्या-पट्ट्या) नाहीतर ब्लोअर (हवा फेकणारा आतला पंखा). हवा भरपूर येते पण फरक चार-पाच अंशांचाच आहे, तर दोष आउटडोअरकडे किंवा गॅसमध्ये असू शकतो. म्हणजे ‘फ्लॅपपाशी बर्फासारखी हवा येते, मग एसी चांगलाच आहे’ हा समज चुकीचा. कमी हवा कॉइलवरून रेंगाळत जाते म्हणून ती जास्त गार होते. खोलीला मात्र तिचा उपयोग होत नाही.

तपासा: मोजण्याआधी रिमोटवरचे मोड बघा. आजकालच्या अनेक इन्व्हर्टर एसीत ‘कन्व्हर्टिबल’ सोय असते. ताकद चाळीस किंवा साठ टक्क्यांवर अडकवलेली राहते आणि घरात कुणाच्या ते लक्षातही नसतं. इको, स्लीप, ड्राय, फॅन यांपैकी काही चालू असेल तर तेही काढा.

टप्पा ३ : बंद करण्याचा योग्य क्रम

आधी रिमोटनं बंद करा. काही मॉडेलमध्ये त्यानंतर पंखा थोडा वेळ फिरत राहतो आणि ओली कॉइल वाळवतो. तो थांबेपर्यंत वाट बघा. मग भिंतीवरचा स्विच आणि शेवटी त्या एसीचा एमसीबी, म्हणजे वीज जास्त झाली की आपोआप पडणारा बोर्डवरचा स्विच, खाली करा. एसी चालू असताना थेट भिंतीवरचा स्विच पाडायची सवय अनेक घरांत असते. त्यामुळे कॉइल रोज ओलीच राहते, तिच्यावर बुरशी धरते आणि मग ‘एसीला वास येतो’ ही तक्रार सुरू होते.

परत सुरू करताना तीन मिनिटं गार वारा आला नाही तर घाबरू नका. कॉम्प्रेसर जपण्यासाठी ती विश्रांती यंत्रातच बसवलेली असते.

टप्पा ४ : फिल्टर

वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी. घर रस्त्याला लागून असेल किंवा शेजारी बांधकाम सुरू असेल तर दर आठवड्याला.

१. पुढचं झाकण उचला, जाळी थोडी वर ढकलून खाली ओढा.

२. नळाखाली धरताना पाणी मागच्या, म्हणजे स्वच्छ बाजूनं सोडा. धुळीच्या बाजूनं सोडलं तर धूळ जाळीत आणखी रुतते.

३. तेलकट थर असेल तर भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश. गरम पाणी नको, जाळी वाकडी होते.

४. सावलीत वाळवा. ओली जाळी परत बसवू नका.

जाळीच्या मागे कार्बन किंवा बारीक धुळीसाठीचा छोटा वेगळा फिल्टर असेल तर तो सहसा धुवायचा नसतो. त्याबद्दल पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते पाळा.

इशारा: जाळी वाळेपर्यंत एसी तसाच चालवायचा मोह होतो. तेवढ्या वेळात धूळ थेट ओल्या कॉइलवर जाऊन चिकटते आणि ती जाळीइतक्या सहज निघत नाही.

टप्पा ५ : कूलिंग कॉइल

जाळी काढल्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ उभ्या पट्ट्या दिसतात, त्या फिन्स. त्या समोरून चकचकीत दिसल्या की लोक झाकण लावून टाकतात. टॉर्च वरून तिरपा मारा. कॉइल वरच्या बाजूला मागे वळलेली असते आणि हवा वरूनच आत येते, त्यामुळे खरी घाण त्या मागच्या उतारावर असते. स्वयंपाकघराला लागून खोली असेल तर फोडणीचं तेल आणि धूळ मिळून तिथे राखाडी नमदा तयार होतो.

१. एमसीबी बंद आहे याची पुन्हा खात्री करा.

२. उजवी बाजू प्लॅस्टिकनं नीट झाका. बहुतेक मॉडेलमध्ये बोर्ड तिथेच असतो. तुमच्या मॉडेलमध्ये तो नेमका कुठे आहे हे कळत नसेल तर पाणी मारू नका, कोरड्या ब्रशवर थांबा.

३. खाली चादर, युनिटखाली प्लॅस्टिकची झोळी, झोळीचं टोक बादलीत.

४. कोरडा ब्रश वरून खाली, फिन्सच्या दिशेनं फिरवा. आडवा फिरवला की फिन्स वाकतात आणि तेवढ्या भागातून हवा जाणं बंद होतं.

५. हातपंपानं बारीक फवारा वरून खाली मारा. घाण जास्त असेल तर कॉइलसाठी मिळणारं सौम्य क्लीनर वापरा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग भरपूर साधं पाणी.

बाथरूमचं ॲसिड, ब्लीच, कपड्यांचा सोडा यांतलं काहीही ॲल्युमिनियम-तांब्यावर चालत नाही. कॉइलला पुढे बारीक भोकं पडली तर त्याचं मूळ अशा ‘स्वच्छते’त असू शकतं.

फोमचे डबे बाजारात मिळतात, ‘मारा आणि विसरा’ म्हणून. फोम मारा, पण विसरू नका. तो घाण सोडवतो आणि सगळी खालच्या ड्रेन ट्रेमध्ये नेऊन टाकतो. नंतर पाणी सोडलं नाही तर दोन आठवड्यांनी पाणी गळतं आणि कुणाला संबंध लागत नाही. काही डब्यांतला वायू पेट घेणारा असतो, तेव्हा खिडकी उघडी, वीज बंद, देवघरातला दिवा शांत.

टप्पा ६ : ब्लोअर

जरा सविस्तर, कारण सर्व्हिस ‘झाली’ म्हणणाऱ्या बहुतेक घरांत नेमका हा भाग राहिलेला असतो.

ब्लोअर म्हणजे कॉइलच्या मागे फिरणारा लांब दंडगोल, त्यावर बोटभर रुंदीच्या वाकड्या पात्यांच्या रांगा. वीज बंद असताना फ्लॅप हातानं अलगद खाली करा आणि टॉर्च आत मारा. दंडगोल बोटानं हळूच फिरवून पाती बघा. नवीन पात्याला खोलगट बाक असतो, हवा त्या बाकात धरून पुढे फेकली जाते. दोन-तीन उन्हाळे न धुतलेल्या ब्लोअरवर तो बाक काळ्या, ओलसर धुळीनं भरून सपाट झालेला दिसतो. मोटर तितक्याच वेगानं फिरते, आवाजही तितकाच येतो, पण हवा निम्मी. खोली गार होत नाही म्हणून तुम्ही तापमान १८ वर नेता, हवा कमी असल्यामुळे कॉइल गोठते, बर्फ धरतो, आणि बर्फ दिसला की ‘गॅस कमी’ हा शिक्का बसतो. गॅससाठी गेलेल्या पैशांतला बराच वाटा या काळ्या थराचा आहे.

घरी फक्त पुढचा भाग टूथब्रशनं साफ होतो आणि निघालेली घाण आतच पडते. म्हणून वर्षातून एकदा हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या: युनिटभोवती पाणी झेलणारी पिशवी बांधून, जेट पंपानं. काम संपल्यावर टॉर्च मारून ब्लोअर दाखवायला सांगा. पात्यांचा मूळ पांढरा किंवा राखाडी रंग दिसला पाहिजे. ‘जेट सर्व्हिस’च्या नावाखाली नुसती समोरची कॉइल ओली करून दहा मिनिटांत पंप गुंडाळला जात असेल तर तिथेच थांबवा आणि ब्लोअरचं काम पूर्ण करून मागा. ते मागायला संकोच करू नका, पैसे त्याचेच देताय.

तपासा: ब्लोअर धुतल्यावर एसी सुरू करताना थरथर जाणवली तर धूळ एका बाजूला राहिली आहे. तोल गेलेला ब्लोअर तसाच चालवला तर मोटरचं बेअरिंग जातं.

टप्पा ७ : पाणी आणि ड्रेन पाइप

दमट हवेत दीड टनी एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते कॉइलवरून ट्रेमध्ये, ट्रेमधून पाइपनं बाहेर जातं, तेही बहुतेक घरांत फक्त उतारावर. पंप नसतो. त्यामुळे पाइप कुठेही वर चढला, पिळला किंवा बुजला की पाणी खोलीत येणार.

१. झाकण उघडून कॉइलवरून हळूहळू लिटरभर पाणी सोडा.

२. दुसऱ्या माणसाला पाइपच्या बाहेरच्या टोकापाशी उभं करा.

३. पाणी थोड्याच वेळात एकसारखं बाहेर यायला हवं. थेंबथेंब येत असेल किंवा मधूनच भसकन येत असेल तर पाइप अर्धा बुजला आहे.

बुजण्याची कारणं ठरलेली. ट्रेमध्ये शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो आणि सुटून तोंडात अडकतो. कुंभारीण माशी पाइपच्या टोकात मातीचं घर बांधते. पाइपचं टोक बादलीत सोडलेलं असतं, बादली भरते, टोक पाण्यात बुडतं आणि हवा कोंडून वरचं पाणी उतरत नाही. बादली ठेवायचीच तर टोक काठाच्या वर राहील असं बांधा.

साफ करताना बाहेरच्या टोकाकडून ओढून घ्या, म्हणजे ओलं खेचणारा व्हॅक्यूम क्लीनर लावा. खालून जोरात फुंकलं तर सगळा गाळ वर ट्रेमध्ये आणि तिथून पलंगावर. एकदा मोकळा झाला की दोन लिटर साधं पाणी सोडून पुन्हा वरची चाचणी करा.

पाणी गळतंय पण ड्रेन मोकळा आहे? मग तीन गोष्टी बघा. युनिट ड्रेनच्या उलट बाजूला कललं आहे का, हे स्पिरिट लेव्हलनं किंवा मोबाईलमधल्या लेव्हलनं कळतं. कॉइलवर बर्फ धरून वितळतोय का? आणि पाणी युनिटच्या पुढून न येता मागच्या भिंतीतून झिरपतंय का? भिंतीतून येत असेल तर तांब्याच्या नळीवरचं काळं फोमचं आवरण फाटलं आहे आणि नळीला घाम फुटतोय. आवरण बदललं की काम झालं. यात गॅसचा काही संबंध नाही.

टप्पा ८ : आउटडोअर

खोलीतली उष्णता इथून बाहेर फेकली जाते. इथली हवा कोंडली की आत कितीही स्वच्छता करा, उपयोग नाही.

आधी जागा बघा. मागे वीतभर आणि पुढे दोन-तीन फूट मोकळं हवं. बाल्कनी बंद करून आउटडोअर आत घेतलेलं असतं, समोर लाकडी जाळी, वर कपडे वाळत. काही इमारतींत सगळ्या मजल्यांची आउटडोअर एकाच अरुंद डक्टमध्ये बसवतात आणि खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. ‘सकाळी चांगला चालतो, रात्री नऊनंतर थंड करत नाही’ अशी तक्रार असेल, तर त्या वेळी डक्टमध्ये हात घालून बघा. उत्तर तिथेच मिळेल.

मग कबुतरं. काड्या, पिसं, विष्ठा यांचा थर कॉइलच्या मागे साचतो. पंख्याला काडी लागून खडखड होते. घरट्यात अंडी-पिल्लं नसताना साफ करा, तोंडाला मास्क लावा, कोरडं झाडू नका, आधी ओलं करा.

धुणं सोपं आहे, पण फक्त गच्चीवर, जमिनीवर किंवा बाल्कनीत सुरक्षित उभं राहता येत असेल तर. एमसीबी बंद, पाइपचं साधं पाणी, वरून खाली. गाड्या धुण्याचा प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन्स झोपतात. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी असं समुद्राजवळ घर असेल तर मिठाचा थर जाण्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी साधं पाणी मारा. खाडी किंवा नाल्याकाठच्या घरांत वेगळा त्रास असतो: सांडपाण्यातून सुटणाऱ्या वायूंनी तांबं काळं पडतं आणि कॉइलला सूक्ष्म गळती लागते. एकच कॉइल दर दोन वर्षांनी गळत असेल तर संरक्षक थर दिलेली कॉइल बसवण्याबद्दल कंपनीला विचारा.

विदर्भ-खानदेशातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. एसीची टनांतली क्षमता बाहेर ३५ आणि आत २७ अंश असताना मोजलेली असते. नागपूर, अकोला, जळगावात मे महिन्यात पारा ४५ ला पोचतो, तेव्हा तोच एसी कमी थंडावा देणार आणि वीज जास्त खाणार. दुपारी तीनला खोली २७ वर अडली तर लगेच मेकॅनिक बोलावू नका. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करा, आउटडोअरवर चार-पाच फूट उंच छप्पर द्या (हवा न अडवता), आणि मोजमाप रात्री घ्या.

टप्पा ९ : वीज

हवा आणि पाणी दोन्ही ठीक असतील तरच इकडे वळा. इथे घरच्या माणसानं बघायचं आणि हुंगायचं, उघडायचं नाही.

- प्लग आणि सॉकेट: १६ अँपिअरच्या सॉकेटचं भोक तपकिरी झालंय, प्लग गरम लागतोय, तर आतला सांधा ढिला आहे. वापर लगेच बंद. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी कधीच नाही.
- एमसीबी लगेच पडतो: शॉर्ट किंवा अर्थिंगचा दोष. पुन्हापुन्हा वर करू नका.
- दहा-पंधरा मिनिटांनी पडतो: आउटडोअर तापतंय, व्होल्टेज पडतंय किंवा एमसीबीच्या स्क्रूपाशी सांधा सैल आहे.
- पावसानंतरच पडतो: बाहेरच्या जोडणीत पाणी शिरतंय.

इशारा: पडणारा एमसीबी काढून मोठा बसवणं ही आग लागण्याची तयारी आहे. एमसीबी वायरला जपतो. दीड टनी एसीला साधारण २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर लागते. वायर बारीक असेल तर वायर बदला.

आतलं युनिट चालू, बाहेरचं नाही? तीन मिनिटं थांबा. तरी सुरू झालं नाही आणि साधा एसी हूं-हूं करून गप्प होत असेल तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो स्वस्त भाग आहे. ‘कॉम्प्रेसर गेला’ असं कुणी सांगितलं तर आधी कपॅसिटर मोजून दाखवायला सांगा. इन्व्हर्टर एसीत दिवे ठरावीक वेळा लुकलुकतात किंवा कोड दिसतो. त्याचा व्हिडिओ काढा. वीज घालवून परत आणली तर तो पुसला जाऊ शकतो. आउटडोअरच्या बोर्डवर पाल किंवा मुंग्या शिरून शॉर्ट होणं आपल्याकडे नेहमीचं. मेकॅनिकना बोर्डच्या डब्यात वायर शिरते तिथली फट बंद करायला सांगा.

रिमोट मेला वाटतोय? मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक. नाहीतर सेल बदला. तोवर झाकणाखालचं छोटं बटण दाबून एसी चालू करता येतो.

टप्पा १० : सगळ्यात शेवटी गॅस

आता परत टप्पा २ चं मोजमाप करा. हवा भरपूर, आउटडोअर स्वच्छ, पंखा फिरतोय, मोड बरोबर, तरी फरक चार-पाच अंशच? मग गॅसचा संशय रास्त आहे. जोडीला या खुणा बघा: कॉइलचा एखादाच पट्टा गार आणि बाकी कोरडी, आउटडोअरजवळच्या बारीक नळीवर बर्फ, नटापाशी तेलकट डाग. गॅसबरोबर तेल बाहेर पडतं, म्हणून तो डाग गळतीचा पत्ता सांगतो.

बर्फ धरला असेल तर आधी कूलिंग बंद करून नुसत्या फॅन मोडवर दोन-तीन तास चालवा. स्क्रू-ड्रायव्हरनं बर्फ उकरू नका, नळीला भोक पडलं की खरोखरच गॅस जाईल.

मेकॅनिककडून कामाचा क्रम असा मागा:

१. गळती शोधणं. नळीत नायट्रोजन भरून दाब धरला जातोय का बघायचं, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे.

२. सांधा पुन्हा करणं किंवा भोक बुजवणं, आणि पुन्हा दाब तपासणं.

३. व्हॅक्यूम पंप लावून निदान अर्धा तास निर्वात करणं. ‘गॅस सोडूनच हवा काढतो’ हे मान्य करू नका. आत राहिलेली ओल आर-३२ आणि आर-४१०ए च्या यंत्रातलं तेल खराब करते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य खाते.

४. काट्यावर मोजून, स्टिकरवर छापलं आहे तेवढ्या ग्रॅमचा गॅस भरणं. नळी कंपनीनं ठरवलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर तेवढी भर.

इन्व्हर्टर एसीत नुसत्या गेजवर गॅस ठरवता येत नाही, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा दाबही बदलतो. ज्यांच्याकडे वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप नाही, त्यांच्याकडून हे काम करून घेऊ नका, ओळखीचे असले तरी. आर-३२ थोडा आणि आर-२९० सहज पेट घेणारा वायू आहे. काम चालू असताना खिडक्या उघड्या, गॅसची शेगडी बंद, कुणी सिगारेट ओढणार नाही.

बिलावर ‘गॅस चार्जिंग’ एवढंच न लिहिता गळती कुठे सापडली, गॅस कोणता आणि किती ग्रॅम भरला, आणि कामानंतरचे दोन तापमानांचे आकडे लिहून घ्या. महिनाभरात फरक पुन्हा घसरला तर हाच कागद दाखवून फुकट काम मागता येतं.

टप्पा ११ : वर्षभराचं वेळापत्रक

ब्लोअरसकट मोठी सर्व्हिस फेब्रुवारी अखेर, गुढीपाडव्याच्या गर्दीआधी. एप्रिल-मेमध्ये मेकॅनिकना दिवसाला घरं जास्त आणि वेळ कमी असतो, कामही तसंच होतं. पाऊस सुरू होण्याआधी ड्रेनची चाचणी आणि नळीच्या आवरणाची पाहणी. दिवाळीच्या साफसफाईत भिंती घासताना किंवा रंग देताना इनडोअर पूर्ण झाका, रंगकामाची बारीक पांढरी धूळ ओल्या कॉइलवर बसली की ती साध्या पाण्यानं सुटत नाही.

थंडीत एसी बंद ठेवणार असाल तर शेवटच्या दिवशी फॅन मोडवर तीन-चार तास चालवून आतलं सगळं वाळवा, जाळ्या धुवून वाळवून बसवा, एमसीबी खाली करा, रिमोटचे सेल काढून ठेवा. आउटडोअरला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. आत ओल धरते आणि उंदीर वायरी कुरतडायला येतात. झाकायचंच तर फक्त वरचा पत्रा झाका आणि चारी बाजू उघड्या ठेवा.